सगळंच ऐकू आलं तर

'संवेदनशील' हा शब्द आपल्या मराठीत फार लाडाचा आहे. कवी संवेदनशील असतो, नट संवेदनशील असतो, श्रद्धांजलीच्या लेखात तर गेलेला प्रत्येक माणूस संवेदनशील असतो. मी स्वतः बत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला आणि प्रगतिपुस्तकावर हा शब्द किती वेळा लिहिला असेल याची गणतीच नाही. "मुलगी अभ्यासू व संवेदनशील आहे." पालक खूश, मुलगी खूश. संवेदनशीलता जितकी जास्त तितकी चांगली, असंच आपण धरून चालतो. ती कमी करा, मग नीट काम होईल, असं आयुष्यात पहिल्यांदा मी ऐकलं ते 2023 साली, इंग्लंडात, एका यंत्राच्या बाबतीत. यंत्र म्हणजे मेटल डिटेक्टर.

आपल्याकडे मेटल डिटेक्टर म्हटलं की देवळाच्या दारातली ती चौकट डोळ्यांसमोर येते. सगळेच तिच्यातून जातात, ती सगळ्यांनाच पीं करते, आणि पोलीसदादा सगळ्यांनाच "चला चला" म्हणतात. इंग्लंडात मात्र हा चक्क छंदाचा प्रकार आहे. निवृत्त माणसं काठीसारखं एक यंत्र घेऊन, कानाला हेडफोन लावून, पीक निघालेल्या शेतात तासन्‌तास फिरतात. काठीच्या टोकाला ताटलीएवढी चकती असते, तिला कॉइल म्हणतात. ती जमिनीलगत इकडून तिकडे फिरवायची. खाली धातू असला की आवाज येतो. शेतमालकाची परवानगी मात्र लागते.

माझी लेक सफक परगण्यातल्या एका लहान गावात राहते. तिच्या शेजारचे गृहस्थ या छंदातले. वयाने माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण माझ्या नऊ वर्षांच्या नातीने त्यांना 'आजोबा' करून टाकलंय, तेव्हा मीही इथे त्यांना आजोबाच म्हणते. पूर्वी ट्रक चालवायचे. बोलणं मोजकं, आणि उच्चार असा की माझं शाळेत शिकलेलं इंग्रजी त्यापुढे हात टेकतं. त्यामुळे आमच्या सगळ्या गप्पा नातीच्या दुभाषेपणातून झाल्या. तिचं मराठी म्हणजे "आज्जी, ते म्हणतात मशीन वेडा झाला." पण अर्थ पोचत होता.

आता या यंत्राशी माझा संबंध का आला ते सांगते. आमचे 'हे' 2021 च्या एप्रिलमध्ये गेले. तेव्हाची परिस्थिती तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. लेकीला येता आलं नाही. शेवटचं दर्शन तिने मोबाइलवर घेतलं, तेही धड दिसलं नाही. 2022 मध्ये ती आली तेव्हा ह्यांच्या बोटातली अंगठी मी तिला दिली. आमच्या लग्नातली, माझ्या वडिलांनी घातलेली, साधी, बिनखड्याची. तिने सोनाराकडून ती आपल्या मापाची करून घेतली आणि तेव्हापासून बोटातून काढली नाही. ती अंगठी 2023 च्या ऑगस्टमध्ये भाजीच्या वाफ्यात हरवली. बटाटे काढत होती, हात मातीने ओले, घरी येऊन हात धुतले तर बोट रिकामं. मी महिन्याअखेरीस तिथे पोचेपर्यंत तिने मला हे सांगितलं नव्हतं. विमानतळावर मिठी मारताना मला तिचं बोट दिसलं, आणि मला दिसलेलं तिलाही दिसलं. घर येईपर्यंत आम्ही दोघी हवामानाबद्दल बोलत होतो.

तिकडे गावच्या पंचायतीकडून भाजी लावायला जमिनीचे तुकडे भाड्याने मिळतात. अलॉटमेंट म्हणतात त्याला. लेकीचा तुकडा साधारण सव्वाशे चौरस मीटरचा. ऐकायला लहान वाटतो, पण मातीत अंगठी शोधायची म्हटली की सव्वाशे मीटर म्हणजे समुद्र. आजोबा सुट्टीवर गेले होते. ते आले, पंचायतीच्या चिटणिसांना विचारून परवानगी घेतली आणि यंत्र घेऊन हजर झाले.

यंत्र सुरू केलं मात्र, जो काही कलकलाट सुरू झाला! टूं टिक पीं खर्र टिक पीं. कॉइल अजून जमिनीला लागलीसुद्धा नव्हती. मला वाटलं, इथे तर सोन्याची खाणच आहे. आजोबांनी नातीकडे बघून डोळे मिचकावले. मुद्दाम करून दाखवत होते ते. यंत्रावर 'सेन्सिटिव्हिटी' नावाची एक खूण असते, ती त्यांनी शेवटच्या आकड्यापर्यंत चढवली होती. नवशिका माणूस हेच करतो म्हणे. पैसे मोजून यंत्र घेतलंय, तर पूर्ण ताकदीने का चालवू नये? त्यांनी स्वतः पहिली दोन वर्षं तसंच चालवलं, आणि संध्याकाळी घरी जायचे ते डोकं दुखत आणि रिकाम्या हातांनी.

माझे जावई इंजिनिअर. त्यांनी रात्री जेवताना मला यंत्राचं पोट उलगडून दाखवलं. कॉइलमधल्या एका तारेच्या वेटोळ्यातून जमिनीत सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडलं जातं. खाली धातू असला की त्यात बारीक विद्युतप्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात आणि त्यांचं स्वतःचं एक दुबळं क्षेत्र तयार होतं. ते दुसऱ्या वेटोळ्याला जाणवतं. हे जाणवणं इतकं क्षीण असतं की ते वाढवून ऐकावं लागतं. किती वाढवायचं, आणि किती बारीक चाहुलीला 'आवाज' म्हणायचं, ते ठरवणारी खूण म्हणजे सेन्सिटिव्हिटी. ती चढवली की अंगठीचा आवाज वाढतो हे खरं, पण त्याबरोबर बाकी सगळ्याचाच आवाज वाढतो. आणि बाकी सगळं म्हणजे जग.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी ते जग एकेक करून वेगळं केलं. मी बाकावर बसून बघत होते. शिकवण्याची पद्धत म्हणून मला ती फार आवडली.

आधी त्यांनी कॉइल जमिनीपासून वर, हवेत, अगदी स्थिर धरली. खाली काही नाही, हालचाल नाही, तरी आवाज येतोय. म्हणजे हा आवाज जमिनीचा नव्हे, बाहेरचा. मग बाहेरचा कोणता? शेतावरून विजेच्या तारा गेल्या होत्या, त्यांची एक घरघर. नातीच्या खिशात आईचा मोबाइल होता, तो बंद करायला लावला, थोडी खरखर गेली. पण दर सेकंदाला एक 'टिक' येतच होती, घड्याळासारखी नियमित. आजोबांनी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. पलीकडे घोडे होते आणि त्यांच्या कुंपणाला बारीक विजेचा झटका देणारी तार होती. ती तार ठरावीक अंतराने झटका सोडते, यंत्र तो ऐकतं. धातू कधी घड्याळासारखा बोलत नाही, ते म्हणाले. यंत्राची लहर थोडी बदलण्याचं एक बटण असतं. ते दाबून त्यांनी विजेची कुरबुर बरीच टाळली. दुसरा कुणी जवळपास असंच यंत्र चालवत असेल तरी हाच त्रास होतो, दोघांनी आपापसात चांगलं अंतर ठेवायचं.

मग जमीन. कॉइल स्वच्छ मातीवर खालीवर, खालीवर करायची, पंपाने हवा भरतात तशी. मातीत लोहाचे बारीक कण असतात, त्यांचाही आवाज येतो. तो यंत्राला ओळखू द्यायचा आणि 'हा नेहमीचा, याच्याकडे लक्ष देऊ नकोस' असं बजावायचं. हे ऐकताना मला आमच्या लहानपणीचा खेळ आठवला. दोरीला लोहचुंबक बांधून रस्त्यावरच्या धुळीतून ओढत न्यायचा. त्याला काळी काळी मिशी फुटायची. ती मिशी म्हणजे आपल्या काळ्या पाषाणातून झिजून आलेले लोहकण. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात आणि कोकणच्या तांबड्या जांभ्यात लोह इतकं की हे यंत्र आपल्याकडे आणलं तर बिचारं ओरडून ओरडून थकेल. समुद्राच्या ओल्या वाळूतही तसंच, तिथे मीठ बोलतं.

सफकची माती त्या मानाने शांत. पण या वाफ्याच्या एका कडेला, खोपटाजवळ, गोम होती. पूर्वी घरोघर दगडी कोळशाच्या शेगड्या होत्या, तेव्हा लोक राख आणून वाफ्यात टाकायचे. त्या राखेत जळक्या कोळशाचे खडे आहेत, ते यंत्राला फसवतात. शिवाय जुने खिळे. तो पट्टा आजोबांनी शेवटी ठेवला.

हे सगळं झाल्यावर मग सेन्सिटिव्हिटी. त्यांनी ती आधी मध्यावर आणली. मग एकेक घर चढवत गेले. एका ठिकाणी यंत्र पुन्हा बडबडू लागलं. तिथून दोन घरं खाली उतरले. बस्स. शांतता. आता हेडफोनमध्ये काही नव्हतं.

मला ते पटेना. मी नातीला म्हटलं, विचार त्यांना, यंत्राला कमी ऐकू यायला लागलं तर खोल गेलेली अंगठी सापडणार कशी? आजोबा हसले आणि माझ्या बोटाकडे बघून हात पुढे केला. माझी अंगठी मागत होते! क्षणभर मी बिचकले. एक हरवली आहे, आता दुसरीही मातीत घालायची? पण त्यांनी खिशातून दोरा काढला. अंगठीला लांब दोरा बांधला, खुरप्याने चार इंचांचा खड्डा केला, अंगठी आत, वर माती, दोऱ्याचं टोक बाहेर. आणि हेडफोन माझ्या कानाला लावले. माझं कानातलं यंत्र मी आधी काढून ठेवलं, नाहीतर हेडफोनखाली ते शीळ घालतं.

आधी पूर्ण चढवलेलं ऐकलं. कलकलाटात एखादा 'टूं' आला असेल, पण तो अंगठीचा की तारांचा की राखेचा, देव जाणे. मग उतरवलेलं ऐकलं. शांतता, शांतता, आणि मग एकदम एक मऊ, गोल आवाज. कॉइल डावीकडून आणली तरी तोच, उजवीकडून आणली तरी तोच, त्याच जागी. पुन्हा, पुन्हा, तोच. आवाज लहान होता, पण त्याच्याबद्दल शंका नव्हती.

"मी दोन इंच सोडले," आजोबा म्हणाले (नातीच्या मराठीत, "टू इंचेस दिले सोडून"), "पण उरलेल्या सहा इंचांवर आता माझा विश्वास आहे."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. त्यातला प्रामाणिकपणा मला आवडला. कमी केल्याने काहीच जात नाही, असं ते म्हणाले नाहीत. जातंच. फार खोलचं, फार बारीक काही सुटतं. पण जिथे जमीनच ओरडत असते तिथे ते तसंही ऐकू आलं नसतं. कागदावरची खोली निराळी आणि शेतातली निराळी.

ह्या यंत्राचा इतिहास शोधला (इतिहासाची बाई, सवय जात नाही), तर त्याच्या जन्मातच ही अडचण आहे. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळीबार झाला. एक गोळी शरीरात अडकली. एक्स-रे अजून चौदा वर्षं दूर होता. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी घाईघाईने धातू शोधणारं एक यंत्र तयार केलं आणि अध्यक्षांच्या अंगावरून फिरवलं. आवाज येई, पण नेमकी जागा सापडेना. अध्यक्ष झोपले होते त्या पलंगाच्या गादीत पोलादी तारा होत्या, हे बेल यांना नंतर कळलं. शिवाय डॉक्टरांनी शोध उजव्या बाजूला करायला लावला. 19 सप्टेंबरला गारफील्ड गेले, तपासणीत गोळी डाव्या बाजूला निघाली. यंत्र बहिरं नव्हतं, त्याला गादीसुद्धा ऐकू येत होती आणि विचारलेली जागाच चुकीची होती.

आणि एक गंमत सफकचीच. लेकीच्या परगण्यात हॉक्सन नावाचं गाव आहे. तिथे 16 नोव्हेंबर 1992 रोजी एरिक लॉज नावाचे निवृत्त माळी आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला यंत्र घेऊन गेले. सापडला रोमन काळचा खजिना! जवळजवळ पंधरा हजार नाणी, चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने. पण खरी गोष्ट पुढे आहे. थोडं वर आल्याबरोबर त्यांनी खणणं थांबवलं आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाच्या लोकांनी येऊन बाकीचं जसंच्या तसं, थरासकट उचललं. म्हणून कुठली वस्तू कशात ठेवलेली होती, तेसुद्धा समजलं. आज तो खजिना ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि त्याच्याबरोबर तो हातोडासुद्धा. तिकडे 1996 चा खजिन्याचा कायदा आहे, त्यात 2023 च्या जुलैअखेर दुरुस्ती होऊन व्याख्या आणखी रुंदावली. आपल्याकडे 1878 चा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरांना कळवावं लागतं. तेव्हा माझा भाचा जो मला "मावशी, येताना एक यंत्र घेऊन ये, किल्ल्यावर जाऊ" म्हणत होता, त्याने हे नीट वाचावं. किल्ल्यावर जायचं ते बघायला.

असो. वाफ्याकडे येते.

आजोबांनी दोऱ्या बांधून वाफ्याचे पट्टे पाडले. एका पट्ट्यावरून कॉइल फिरवायची ती आधीच्या फेरीच्या निम्म्यावर येईल अशी, जमिनीला समांतर, सावकाश. घाई केली की यंत्र चुकतं, कॉइल ढेकळावर आपटली तरी खोटा आवाज येतो. दुसरी एक सोय असते, नको ते धातू यंत्राला गाळायला सांगायचं. पण अंगठीच्या बाबतीत ती वापरता येत नाही. सोन्याची अंगठी, चॉकलेटची चांदी आणि पेयाच्या डब्याची उघडायची कडी यंत्राला जवळजवळ सारखीच वाटतात. चांदी गाळली की अंगठीही गाळली गेली. तेव्हा कचरा सगळा खणायचा, कुरकुर न करता.

पहिल्या संध्याकाळी बाटल्यांची बुचं, चांदीचे तुकडे, एक बिजागरी. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच, आणि पंचम जॉर्जची 1917 सालची एक पेनी. नातीला म्हटलं, हेच राजे आपल्याकडच्या जुन्या रुपयावर असायचे. तिला फार नवल वाटलं. लेक मात्र बोलत नव्हती. दुसऱ्या रात्री भांडी आवरताना म्हणाली, "आई, नसेल सापडत तर जाऊ दे. वस्तूच आहे." मी काही उत्तर दिलं नाही. ती वस्तू नव्हती, हे आम्हा दोघींना माहीत होतं. तिला त्या एप्रिलमध्ये पोचता आलं नव्हतं आणि त्याच्या बदल्यात तिच्या हातात जे होतं ते एवढंच होतं.

तिसऱ्या संध्याकाळी राखेचा पट्टा राहिला होता. आजोबांनी मोठी कॉइल काढून लहान बसवली. लहान कॉइलला एका वेळी थोडीच जमीन दिसते, म्हणून गोंगाटही थोडाच. सेन्सिटिव्हिटी आणखी एक घर खाली. तरी राख अधूनमधून खोकत होती. एकीकडून आवाज यायचा, उलट फिरवलं की गायब. आजोबा पुढे सरकायचे. नातीला वाटे, इथे खणा ना! ते मान हलवायचे. मग खोपटाच्या कोपऱ्याशी, जिथे बटाट्याच्या जागी आता लीकची रोपं लावली होती, ते थांबले. डावीकडून. उजवीकडून. नव्वद अंशांत वळून आडवं. पुन्हा. हेडफोन काढून त्यांनी लेकीच्या कानाला लावले आणि खुरपं तिच्या हातात दिलं.

साडेचार इंच असेल. काटेरी फावड्याने बटाटे उपटताना माती उलटली गेली आणि अंगठी तिच्याखाली गेली, असं असावं. आधी तिला वाटलं, पुन्हा कडीच. मग ती तिथेच लीकच्या रोपांवर खाली बसली. अंगठी मुठीत धरून किती वेळ बसली कोण जाणे. मी बाकावरून उठले नाही. आजोबा कुंपणाकडे तोंड करून घोडे बघत राहिले. शेवटी नातीने अंगठी झारीखाली धरून धुतली आणि आईच्या बोटात घातली.

हे झाल्यावर त्या 'दोन घरं खाली' उतरण्याबद्दल मी पुष्कळ विचार केला. वय झालं की वेळ असतो. माझ्या कानातल्या यंत्राचंच बघा. ते बसवताना इथल्या बाईंनी मला विचारलं होतं, "आजी, तुम्हाला सगळं ऐकायचंय की माणसांचं बोलणं ऐकायचंय?" सगळं ऐकायचं म्हटलं तर पंखा, कुकर, रिक्षा, वरच्या मजल्यावरची खुर्ची, सगळंच कानात घुसतं आणि समोरचा काय म्हणतो तेवढं कळत नाही. वर्गातही तेच. नव्या शिक्षकाला प्रत्येक कुजबुज ऐकू येते आणि प्रत्येकीवर तो वळून बघतो, तास संपतो. जुन्या शिक्षकाला साठ मुलांची भुणभुण ऐकूच येत नाही. पण शेवटच्या बाकावरचं एखादं रडणं त्या भुणभुणीतून त्याला बरोबर ऐकू येतं.

पण हा सल्ला सरसकट नाही, हेही लिहायला हवं. युद्धानंतर जमिनीत राहिलेले सुरुंग काढणारे लोक याच जातीचं यंत्र वापरतात. त्यांना एखादा आवाज सोडून देण्याची मुभा नसते. काम सुरू करण्यापूर्वी ते ठरावीक नमुन्यावर यंत्र तपासून घेतात, आणि मग आलेला प्रत्येक इशारा बघतात, मग तो खिळा निघो की काडतुसाचं टरफल. काय शोधतोय आणि ते सुटलं तर काय होईल, त्यावर खूण कुठे ठेवायची ते ठरतं. डॉक्टरांनी, आणि तान्ह्या मुलाच्या आईने, ती वर ठेवावी हेच बरं.

प्रश्न आपल्यासारख्यांचा आहे. ह्यांच्या जाण्यानंतर लेक आणि मी फोनवर एकमेकींना सारख्या तपासत असायचो. तिचा आवाज जरा बसका आला की मला वाटे, काहीतरी झालंय. मी एक रिंग उशिरा घेतली की तिला वाटे, आई पडली. दिवसातून तीन तीन फोन, आणि प्रत्येकात "बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" एवढंच. विजेच्या कुंपणासारखं, दर सेकंदाला टिक. आणि त्यात अंगठीची एवढी गोष्ट मात्र तीन आठवडे ऐकू आली नाही.

परत येण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी वाफ्यावर बसून ठरवलं. फोन बुधवारी आणि रविवारी, पण चांगला तासभर. मधे सर्दी, उशीर, "नेटवर्क नव्हतं" हे सगळं राखेतले खडे म्हणून सोडून द्यायचं. पण तीच गोष्ट दोन्ही बाजूंनी, दोनदा ऐकू आली तर मग लाजायचं नाही, सरळ खणायचं.

गेल्या दोन रविवारी ती बोलता बोलता "थकायला होतं गं" म्हणाली. एकदा नातीच्या शाळेवरून बोलताना, एकदा काहीच विषय नसताना. काल बुधवार होता. मी विचारलं. तासाचे दोन तास झाले. काय ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण डिसेंबरचं तिकीट काढायला मी भाच्याला सांगितलं आहे. येताना आजोबांसाठी पुरणपोळीचा डबा न्यायचा आहे, त्यांना ती गेल्या खेपेला फार आवडली होती.